शीव आखतो कोण? मध्ययुगीन प्रवासग्रंथांतील धर्मसीमा

११८४ च्या सप्टेंबरात दमास्कसहून भूमध्य समुद्राकडे निघालेला व्यापाऱ्यांचा एक तांडा बन्यासच्या अलीकडे एका थोरल्या ओकवृक्षापाशी आला. तांड्यात इब्न जुबैर होता. ग्रानाडाच्या सुभेदाराच्या पदरी चिटणिशी करणारा हा गृहस्थ मक्केची यात्रा आटोपून घरी परतत होता. या झाडाला लोक ‘मापाचे झाड’ म्हणतात असे तो लिहितो आणि का म्हणतात तेही सांगतो. फ्रँक (धर्मयुद्धांमुळे तेथे आलेले युरोपीय ख्रिस्ती) लुटारूंनी वाटसरूला झाडाच्या मुसलमानी बाजूला गाठले, मग ते हातभर असो की वीतभर, तर तो त्यांचा कैदी. झाडापलीकडे फ्रँकांच्या बाजूला सापडला, तर त्याला कोणी हात लावायचा नाही. म्हणजे स्वधर्मीयांच्या मुलखात असेपर्यंत जिवाला घोर आणि परधर्मीयांच्या मुलखात पाऊल पडले की सुटका. पुढे बन्यासच्या खोऱ्यात त्याला असे शिवार दिसले, की ज्याचे पीक फ्रँक आणि मुसलमान निम्मेनिम्मे वाटून घेतात आणि दोघांची गुरे एकत्र चरतात. त्याच सुमारास दक्षिणेला करकच्या किल्ल्याला सलाहुद्दीनचा वेढा पडलेला होता.

धर्मयुद्धांच्या इतिहासावरून आपल्या डोक्यात जो नकाशा तयार होतो, त्यात हे झाड बसत नाही. त्या नकाशावर दोन रंग असतात आणि मध्ये एक जाड रेघ. प्रवाशाला मात्र ती रेघ कधी झाडाच्या रूपात भेटते, कधी जकातनाक्याच्या, कधी दुधाच्या पेल्याच्या, तर कधी नमाजेत हात कुठे ठेवले याच्या.

प्रश्न आणि त्याची मर्यादा

शीव हा शब्द येथे तीन थरांसाठी वापरला आहे. पहिला थर शासनाचा: कर, परवाना, अभय. दुसरा आचाराचा: काय खाता, कोणाच्या हातचे खाता, केव्हा आणि कसे प्रार्थना करता, बायका कोणाशी बोलतात. तिसरा मताचा: देव एक की तीन, प्रेषित कोण, मूर्ती पुजावी की नाही. धर्मग्रंथ आणि धर्मपंडित तिसऱ्या थराला सर्वांत वरचा मान देतात. प्रवासवर्णने वाचताना उलटा अनुभव येतो. मताचा भेद प्रवासी एका वाक्यात उरकतो, कारण तो त्याला घरूनच ठाऊक असतो. पाने भरतात ती आचारावर. आणि आचाराची शीव सर्वांत जास्त बोचते ती दूरच्या परक्यापाशी नव्हे, अर्ध्यामुर्ध्या आपल्यापाशी, असे माझे प्रतिपादन आहे. दूरच्याचे नवल वाटते, चुकीचे वागणाऱ्या भाऊबंदाचा राग येतो.

विवेचन दहाव्या ते पंधराव्या शतकापुरते आणि एका खंडातून दुसऱ्यात गेलेल्या लेखकांपुरते आहे. मार्को पोलो यात जवळजवळ नाही, तो मुद्दाम. गावागणिक ‘येथील लोक मूर्तिपूजक’, ‘येथील लोक सारासेन (मुसलमान)’ अशी नोंद करत तो रोजमेळ लिहिल्यासारखा पुढे जातो. शीव त्याच्या अंगाला लागली कुठे, हे त्याच्या पुस्तकातून फारसे कळत नाही.

लेखणी कोणाच्या हातात?

या ग्रंथांपैकी फार थोडे प्रवाशाच्या हातून जसेच्या तसे आपल्यापर्यंत आले आहेत. इब्न बतूता १३२५ मध्ये तांजियरहून निघाला, जवळजवळ तीन दशके फिरला आणि शेवटी फेजच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपली हकीकत इब्न जुझय्य नावाच्या विद्वान लेखनिकाला सांगितली. लेखनिकाने १३५५-५६ च्या सुमारास ती सजवून पुरी केली आणि सजवताना दमास्कस, मक्का यांची वर्णने इब्न जुबैरच्या ग्रंथातून बिनदिक्कत उचलली. बीजिंगचा नेस्तोरियन ख्रिस्ती पंथाचा संन्यासी रब्बान बार सौमा १२८७ मध्ये युरोपात गेला. त्याची फारसी टिपणे हरवली आहेत. उरला तो सिरियाक भाषेतला संक्षेप, आणि तो करणाऱ्याने बरेच गाळल्याचे स्वतःच कबूल केले आहे. इब्न फदलान ९२१ मध्ये बगदादहून व्होल्गाकाठी गेला. त्याचा वृत्तांत कित्येक शतके दुसऱ्यांच्या ग्रंथांतील उताऱ्यांतूनच माहीत होता. १९२३ मध्ये मशहदच्या ग्रंथालयात झेकी वेलिदी तोगान यांना त्याचे हस्तलिखित सापडले. त्याचाही शेवट तुटलेला आहे.

म्हणून प्रत्येक ग्रंथाला एक प्रश्न विचारावा लागतो: हा कोणासाठी लिहिला? फ्रान्सिस्कन भिक्षू रुब्रुकचा विल्यम फ्रान्सचा राजा नववा लुई याला अहवाल लिहीत होता. मंगोल सरदारांपैकी काही जण ख्रिस्ती झाल्याच्या वावड्या तेव्हा युरोपात उठल्या होत्या आणि त्यांच्यावर राजकारणाचे इमले रचले जात होते. विल्यम मंगोल दरबारातल्या ख्रिस्ती लोकांवर इतका का चिडतो, याचे निम्मे उत्तर या पत्त्यातच आहे.

जकातनाके

शासनाची शीव प्रथम घेतो, कारण तीच सर्वांत उघड आहे आणि तिच्यातच पहिली गुंतागुंत दिसते.

इब्न जुबैर ११८३ च्या वसंतात जेनोआच्या जहाजाने अलेक्झांड्रियाला उतरला. स्वधर्मीयांचे बंदर, वर सलाहुद्दीनसारख्याचे राज्य. तेथे अधिकारी जहाजावर चढले, एकेका यात्रेकरूचे नाव, वर्णन, मुलूख लिहून घेतला आणि जे जवळ असेल त्यावर जकात मागितली. संपत्तीला वर्ष पूर्ण झाल्याशिवाय शास्त्राप्रमाणे जकात लागू होत नाही, याची चौकशीही केली नाही. मग झडती. कमरेला हात घालून चाचपणी, आणखी काही दडवले आहे का म्हणून शपथा. शरमेने मान खाली घालावी असा प्रसंग होता असे तो लिहितो, आणि सुलतानाला हे ठाऊक नसणार अशी पुस्ती जोडतो.

पुढच्या वर्षी तो फ्रँकांच्या ताब्यातल्या अक्क्याला आला. नाक्याच्या दारात गालिचे टाकलेल्या बाकांवर ख्रिस्ती कारकून बसलेले, पुढे सोन्याने मढवलेल्या शिसवी दौती, बोलणे अरबी, लिहिणेही अरबी. व्यापाऱ्यांचा माल त्यांनी नोंदवला, ज्यांच्याकडे माल नव्हता त्यांचेही सामान पाहिले, पण सौजन्याने, आवाज न चढवता. त्याआधी तिबनीनच्या किल्ल्यापाशी मगरिबी, म्हणजे पश्चिमेच्या मुसलमानी मुलखांतल्या, प्रवाशांकडून तेवढा माणशी एक दिनार आणि वर थोडे जास्त घेतले, बाकीच्या मुसलमानांकडून नाही. कारण असे, की पूर्वी मगरिबी लोकांची एक टोळी सीरियाचा सुलतान नूरुद्दीन याच्या बाजूने फ्रँकांच्या किल्ल्यावर चालून गेली होती. आम्ही यांना सुखाने येऊ-जाऊ दिले आणि यांनी आमच्यावरच तलवार धरली, असा फ्रँकांचा हिशेब. म्हणजे नाक्यावर ‘मुसलमान’ नावाचा एकजिनसी माणूस नव्हताच. मगरिबी वेगळा, सीरियाचा वेगळा.

इब्न जुबैरची खरी अडचण तिबनीन ते अक्का या वाटेवर सुरू होते. तेथील मुसलमान शेतकरी फ्रँक जमीनदारांना निम्मे पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात कर देतात, घरेदारे त्यांचीच राहतात आणि कारभार बराचसा त्यांच्याच हातात असतो. शेजारच्या मुसलमानी मुलखातले शेतकरी आपल्या स्वधर्मीय धन्याच्या नावाने बोटे मोडतात आणि शत्रूच्या न्यायाची तारीफ करतात, हे तो लिहितो आणि ही मुसलमानांवर कोसळलेली आपत्ती आहे असे म्हणतो. आपत्ती कशी? तर लोकांची मने फितत आहेत. त्याच्या ग्रंथात अक्क्याचे नाव आले की देव त्याचा नाश करो, राजाचा उल्लेख आला की डुक्कर. शाप ठरलेल्या जागी पडतात आणि त्यांच्याशेजारीच कारकुनांच्या सौजन्याची, शेतकऱ्यांच्या सुखाची साक्ष उभी असते. पाहिलेले लपवायचे नाही आणि घरच्या वाचकाला आपण फितलो नाही हेही दाखवायचे, अशी ही दुहेरी कसरत आहे. मला इब्न जुबैर या कोंडीमुळेच विश्वासार्ह वाटतो. नुसता शिव्या देणारा किंवा नुसता गुण गाणारा साक्षीदार इतका उपयोगाचा नसतो.

पंगत

आचाराच्या शिवेसाठी मराठीत तयार परिभाषा आहे: रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. ती या ग्रंथांना लावली की पुष्कळ विखुरलेल्या नोंदी आपोआप एका ओळीत येतात.

रुब्रुकचा विल्यम १२५३ च्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपलहून निघाला, क्रिमियात उतरला आणि जूनमध्ये गवताळ प्रदेशात शिरला. तेथे त्याला आढळले, की त्या मुलखातले रशियन, ग्रीक आणि अलान ख्रिस्ती घोडीच्या आंबवलेल्या दुधाला, कुमिसला, शिवत नाहीत. प्यायला की तो बाटला. मग धर्मगुरू त्याला जणू ख्रिस्ताचा त्याग केला असावा तसे प्रायश्चित्त देऊन परत घेतात. कुमिसबद्दल बायबलात अवाक्षर नाही. पण मंगोलांचे राज्य आले, चहूकडे घोडीचे दूध आले आणि त्या अथांग गवतात ‘आम्ही कोण’ याची खूण पटवायला तेवढा एकच पेला उरला. सर्वांत बोलका प्रसंग एका मुसलमानाचा आहे. त्याला ख्रिस्ती व्हायचे होते. बायकोला विचारून येतो म्हणाला, दुसऱ्या दिवशी आला आणि नको म्हणाला. बाप्तिस्मा घेतला की कुमिस सोडावे लागेल, आणि कुमिसावाचून या प्रदेशात जगायचे कसे? विल्यमने परोपरीने सांगितले की तसा काही नियम नाही. तो स्वतः कुमिस प्यायला होता. पहिल्या घोटाला भीतीने घाम फुटला आणि नंतर चव आवडली, हे त्याने लिहून ठेवले आहे. माणूस बधला नाही. धर्माचा अधिकृत प्रतिनिधी सांगतो की येथे शीव नाही, आणि शिवेवर राहणारा म्हणतो की आहे.

मलबारात इब्न बतूताला हेच दिसले, बाजू बदलून. हिंदू लोक मुसलमानाला घरात घेत नाहीत, आपल्या भांड्यात जेवू देत नाहीत. दिलेच तर भांडे फोडतात किंवा मुसलमानालाच देऊन टाकतात. जेवण केळीच्या पानावर. हे सांगताना तो संतापत नाही, प्रथा म्हणून नोंदवतो. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तर त्याचा सूर कौतुकाचा आहे. कारागिरीत निपुण, वैद्य आणि ज्योतिषी, जेवण भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचे, प्राण्यांना पीडा देणे वर्ज्य, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न नाही, दारूला स्पर्श नाही. जेवणाआधी ते आंघोळ करतात, ती आपल्याकडच्या शुद्धीच्या स्नानासारखी, असे तो म्हणतो. मताच्या दृष्टीने हे लोक त्याला काफिर. आचाराच्या दृष्टीने त्याच्या काझीपणाला त्यांच्यात दुखावणारे काही नाही, उलट ओळखीचे पुष्कळ आहे. सोवळे पाळणाऱ्याला सोवळे पाळणारा ओळखू येतो, मग दोघांचे देव कोणतेही असोत.

उंबरठ्याचीही गोष्ट याच वर्गातली. खान मोंगकेच्या तंबूतून बाहेर पडताना विल्यमच्या सोबत्याचा पाय उंबरठ्याला लागला आणि त्याला तेथल्या तेथे अडकवले. अज्ञानापोटी घडले म्हणून जिवानिशी सुटला, पण खानाच्या कोणत्याही घरात पाऊल टाकायची मनाई झाली ती कायमची.

वेळ आणि आवाज

इब्न फदलान ९२२ च्या मे महिन्यात व्होल्गाकाठी बल्गारांच्या राजाकडे पोचला. राजा अलमिश नुकताच मुसलमान झाला होता आणि त्याने खलिफा मुक्तदिरकडे धर्म शिकवणारे लोक व किल्ला बांधायला पैसे मागितले होते. एका संध्याकाळी राजाचा शिंपी, जो मूळचा बगदादचा, इब्न फदलानच्या तंबूत गप्पा मारायला आला. थोडा वेळ गेला नाही तोच अजान झाली. बाहेर येऊन पाहतात तो पहाट. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजेचे काय, असे मुअज्जिनला विचारले, तेव्हा ती आम्ही मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजेबरोबरच उरकतो असे त्याने सांगितले. पहाटेची नमाज चुकेल या धास्तीने तो बिचारा महिनाभर रात्री झोपला नव्हता. अरबस्तानच्या सूर्यावर बसवलेले वेळापत्रक उत्तरेच्या उन्हाळ्यात कोलमडत होते. येथे शीव धर्मांमधली नाहीच. ती एकाच धर्माच्या आत, अक्षांशाने पाडलेली आहे.

आवाजाची शीव क्रिमियातल्या काफात दिसते. जेनोआच्या ताब्यातल्या या बंदरात इब्न बतूता मशिदीत उतरला आणि चहूबाजूंनी चर्चच्या घंटा वाजू लागल्या. असा नाद त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. घाबरून त्याने सोबत्यांना मिनारावर चढवून कुराणपठण आणि अजान सुरू करायला लावली. एवढ्यात चिलखत घातलेला, हत्यारबंद माणूस धावत आला. तो गावातल्या मुसलमानांचा काझी निघाला. तुमचा आवाज ऐकून तुमच्या जिवाला काही झाले की काय म्हणून आलो, असे त्याने सांगितले. धोका घंटांमध्ये नव्हता. पाहुण्याच्या अजानेने तो निर्माण होईल, अशी भीती त्या काझीला वाटली. घंटा आणि अजान यांची काहीतरी वाटणी गावाने आपसात ठरवलेली असणार आणि नवखा माणूस ती मोडत होता. काफाच्या मुसलमानांसाठी शीव म्हणजे रोज सांभाळायचा व्यवहार होता. इब्न बतूतासाठी ती तत्त्वाची बाब होती. शिवेपासून जो लांब राहतो त्यालाच ती सरळ रेघ दिसते.

जवळचा परका

आता मूळ प्रतिपादनाकडे. पुरावा तीन वेगवेगळ्या धर्मांतून घेतो, नाहीतर हा एखाद्या धर्माचा विशेष वाटेल.

बल्गारांच्या मुअज्जिनने इकामत, म्हणजे नमाज सुरू होतानाची घोषणा, म्हणताना वाक्ये दोनदा उच्चारली. ही हनफी पंथाची रीत, मध्य आशियातून आलेली. इब्न फदलानने राजाला सांगितले, की आपले स्वामी खलिफा यांच्या वाड्यात ती एकदाच म्हणतात. राजाने बदल केला. पण किल्ल्यासाठी कबूल केलेले चार हजार दिनार या मंडळीबरोबर आलेच नव्हते. ते कळल्यावर राजाने मुअज्जिनला पुन्हा दोनदा म्हणायला सांगितले. इब्न फदलान भांडला, ओरडला, पण राजा आपल्या म्हणण्यावर अडून राहिला. याच लेखकाने रूस लोकांचे नौकेतले दहन, त्यातला दासीचा बळी, त्यांची अस्वच्छता यांचे वर्णन अंगावर काटा यावा इतक्या बारकाईने पण डोळ्यांत अंतर ठेवून केले आहे. तेथे तो ओरडत नाही. ओरडतो तो एका वाक्याच्या पुनरुक्तीवरून. आणि पैशाचा प्रश्न नसता, तर ती पुनरुक्ती परत आली असती का?

काळ्या समुद्रावरच्या सिनोपमध्ये इब्न बतूता स्वतः या चिमटीत सापडला. तो मालिकी पंथाचा, नमाजेत हात खाली सोडून उभा राहणारा. तेथले हनफी लोक हात बांधून उभे राहतात. हात सोडणारे म्हणजे शिया, अशी त्यांची समजूत, कारण हिजाज आणि इराकमधले शिया त्यांनी तसे पाहिले होते. मालिकी म्हणजे काय हे सांगून त्यांचे समाधान होईना. शेवटी सुलतानाच्या प्रतिनिधीने त्याच्याकडे एक ससा पाठवला आणि काय होते ते बघायला नोकराला सांगितले. शिया ससा खात नाहीत. इब्न बतूताने तो कापून शिजवून खाल्ला आणि मग कुठे संशय फिटला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याला अशी परीक्षा द्यावी लागली नाही. तेथे तो उघडपणे परका होता. हागिया सोफियात शिरताना क्रुसापुढे वाकावे लागते म्हणून तो बाहेर थांबला आणि विषय संपला. एक पंथ सोडून दुसऱ्या पंथाच्या गावात मात्र ताटात काय पडते याकडे नोकराचे डोळे लागलेले.

ख्रिस्ती बाजूला विल्यम. बौद्ध भिक्षूंची मुंडने, माळा, घंटा हे सगळे तो कुतूहलाने टिपतो. नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांवर मात्र त्याची लेखणी आग ओकते. ते सावकारी करतात, दारू पितात, काही जण अनेक बायका करतात, चर्चमध्ये शिरताना मुसलमानांसारखे अंग धुतात, बिशप आला की पाळण्यातल्या मुलग्यांनाही दीक्षा देऊन टाकतो. यांतले किती खरे आणि किती त्रागा, हे ठरवणे कठीण आहे. विल्यम त्यांच्याबरोबरच उपासना करत होता, त्यांच्याच मदतीवर अवलंबून होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

तिसरा पुरावा तुदेलाच्या बेंजामिनचा. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनहून बगदादपर्यंत गेलेल्या या यहुद्याला जग दिसते ते यहुद्यांच्या वस्त्यांची साखळी म्हणून: गाव, किती दिवसांच्या वाटेवर, किती यहुदी, त्यांचे प्रमुख कोण. कॉन्स्टँटिनोपलमधले यहुदी शहराबाहेर, पाण्यापलीकडे राहतात आणि त्यांना घोड्यावर बसायची बंदी आहे, हे त्याने नोंदवले आहे. पण त्या वस्तीच्या आत दोन हजार रब्बानी आणि पाचशे कराई अशा दोन पंथांचे लोक आहेत आणि त्यांच्या मध्ये कुंपण आहे, हेही त्याने लिहिले आहे. बायझंटाइन सम्राटाने पाण्याने केलेली विभागणी आणि यहुद्यांनी आपसात घातलेले कुंपण, दोन्हींची नोंद एकाच परिच्छेदात.

बेटीव्यवहाराबाबत थोडक्यात सांगितले तरी पुरे, कारण प्रवासी पुरुषांची तक्रार सगळीकडे एकच आहे. इब्न फदलानने नदीत स्त्री-पुरुष एकत्र आंघोळ करतात ते थांबवायचा प्रयत्न केला आणि हरला. इब्न बतूताने मालदीवमध्ये काझी असताना बायकांनी छाती झाकावी म्हणून हुकूम काढले. त्याच्या न्यायालयात त्या झाकून येत, बाहेर कोणी ऐकले नाही. सहारातल्या वलातात मसूफा बायकांचे मित्र म्हणून परपुरुष घरात बसलेले पाहून तो एका घरी पुन्हा कधी गेला नाही. हे सगळे मुसलमानच. मालीत मुलांना कुराण पाठ होईपर्यंत बेड्या घालतात याची तो स्तुती करतो आणि त्याच दमात उघड्या फिरणाऱ्या दासींची निंदा. चीनमध्ये तर तो घराबाहेर पडायलाच कंटाळला, पण कोणाला सुधारायला गेला नाही.

प्रश्न विचारला जातो तेव्हा

मग मताची शीव खोटी का? नाही. पण ती सुप्त असते. कोणीतरी अधिकाराने प्रश्न विचारला की जागी होते. हे तीन प्रसंगांतून दाखवता येईल, आणि त्यांतला एक आपल्या ठाण्याचा आहे.

१२५४ च्या मे अखेरीस काराकोरममध्ये मोंगकेच्या आज्ञेने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांचा वाद झाला. पंच तिन्ही धर्मांचे. विल्यमने नेस्तोरियनांना सल्ला दिला, की आधी बौद्धांशी भिडा, कारण देव एकच हे मुसलमानांनाही मान्य आहे. एका वादापुरती रेघ अशी पडली की रोमचा भिक्षू, नेस्तोरियन आणि मुसलमान एका बाजूला. शेवटी कोणीही धर्म बदलला नाही, नेस्तोरियन आणि मुसलमान मोठ्याने गाऊ लागले, बौद्ध गप्प राहिले आणि सगळे मिळून भरपूर प्यायले. प्रश्न विचारणाऱ्या खानाला उत्तराची निकड नव्हती, म्हणून हा वाद कोणाच्या जिवावर बेतला नाही.

१३२१ मध्ये ठाण्यात ती निकड होती. चार फ्रान्सिस्कन तेथील एका नेस्तोरियन ख्रिस्त्याच्या घरी उतरले होते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, जो दुभाषाचे काम करी. गावात नेस्तोरियनांची पंधरा घरे होती आणि ती सुखाने नांदत होती. मग त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने मारले, बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने पाहुण्यांची नावे दिली. काझीच्या बैठकीत अलेक्झांड्रियाचा एक जण होता. हे शास्त्र जाणणारे लोक आहेत, यांना बोलवा, असे त्याने सुचवले. चर्चा देवाच्या एकत्वावरून ख्रिस्तापर्यंत आली आणि शेवटी तो प्रश्न आला: पैगंबरांबद्दल तुमचे मत काय? उत्तर दिले गेले आणि चौघांचे प्राण गेले. पुढे तेथे आलेल्या पोर्दनोनच्या ओदोरिकने त्यांच्या अस्थी उचलून समुद्रमार्गे चीनपर्यंत नेल्या. एका घरगुती कज्ज्यामुळे साक्षीदारांचे आरोपी झाले. पंधरा घरांना वर्षानुवर्षे हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, हे या घटनेतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

तिसरा प्रसंग रोमचा. बार सौमा तेथे पोचला तेव्हा पोप वारला होता. कार्डिनलांनी त्याला पंथाविषयी, पवित्र आत्म्याच्या उद्भवाविषयी खोदून विचारले. थोडा वेळ उत्तरे देऊन त्याने विषय मिटवला. आपण वाद घालायला आलो नसून पोपचे आणि संतांच्या स्थळांचे दर्शन घ्यायला व राजाचा निरोप द्यायला आलो आहोत, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. नेस्तोरियन मत रोमच्या लेखी पाखंड होते. तरी त्याने गॅस्कनीत मिस्सा केली आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने त्याच्या हातून प्रसाद घेतला. पुढच्या वर्षी नव्या पोपसमोर त्याने आपल्या भाषेत उपासना केली, तेव्हा भाषा निराळी पण विधी आमचाच, असे म्हणून रोमचे लोक खूश झाले. विल्यमला नेस्तोरियनांच्या आचारात सगळे चुकलेले दिसले होते. येथे आचार जुळला आणि मताकडे काणाडोळा झाला. पाहुण्यामागे त्याला पाठवणाऱ्या मंगोल राजाची, इल्खान अर्घुनची, फौज आणि जेरुसलेम परत मिळण्याची आशा उभी होती, हे अर्थातच विसरायचे नाही.

जुन्नरचा रशियन

वरच्या सगळ्या प्रकरणांत प्रवासी शिवेच्या एका बाजूला उभा आहे. अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी याला अपवाद आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बहामनींच्या बिदरला गेला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरचा अधिकारी असद खान याने तो काढून घेतला आणि सांगितले, मुसलमान हो, घोडा परत मिळेल, वर हजार मोहरा. मुदत चार दिवसांची. ऐन उपवासाच्या दिवसांत खोरासानचा एक खोजा मुहम्मद मध्ये पडला आणि त्याने रदबदली करून घोडा आणि धर्म दोन्ही वाचवले. वाचवणाराही मुसलमानच, याची निकितिन कृतज्ञतेने नोंद करतो.

खरी झीज मात्र हळूहळू झाली. व्होल्गेच्या मुखाशी लुटले गेले तेव्हा त्याच्या धर्मपोथ्या गेल्या होत्या. त्या नसल्याने ईस्टर कधी, उपवास कधी, हे त्याला काढता येईना. मग तो मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपवास धरू लागला. लोकांत त्याचे नाव खोजा युसुफ खोरासानी. हिंदूंना त्याने आपण मुसलमान नसून ख्रिस्ती असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच्यापासून खाणेपिणे, पूजाअर्चा, घरच्या बायका लपवणे सोडून दिले. मुसलमानाची नजर पडली की हे लोक अन्न टाकतात आणि आपसातही एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत, हेही त्याने पाहिले. हिंदुस्थानात यायचे असेल त्या रशियन बांधवाने आपला धर्म रशियात ठेवून यावे, असा कडवट सल्ला त्याच्या टिपणांत आहे. त्याच्या कडवटपणाला व्यापारी बाजूही आहे. मुसलमानांना माल करमुक्त आणि याला जबर जकात. जुन्नरचा घोडा आणि बंदरावरची जकात जिथे एकत्र येतात, तिथे त्याच्या लेखी शासन, आचार आणि मत हे तीन थर वेगळे राहिलेले नाहीत.

निकितिन जसजसा घरापासून लांब गेला, तसतशी त्याची रशियन वाक्ये मध्येच तुर्की-फारसी मिश्रणात शिरू लागली. बाजारातल्या भानगडी, राजकारणावरची मते, स्वतःच्या श्रद्धेविषयीची घालमेल, असे घरी उघड सांगणे अवघड ते तो या मिश्रणात लिहितो. पुस्तकाचा शेवट तर अल्लाच्या नावांच्या अरबी जपाने होतो. तो मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासक आजही भांडतात. या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर मागणे म्हणजे ठाण्याच्या काझीच्या जागी जाऊन बसणे आहे, असे मला वाटते. निकितिनला कोणते मत पटले होते हे आपल्याला दिसत नाही. दिसतो तो आचार: कोणाबरोबर उपवास धरला, कोणत्या नावाला ओ दिली, कोणत्या शब्दांत देवाला हाक मारली. तो स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच वारला. व्यापाऱ्यांनी त्याच्या वह्या मॉस्कोला नेऊन ग्रँड प्रिन्सच्या पदरच्या वसिली मामिरेव या अधिकाऱ्याकडे दिल्या आणि १४७५ च्या नोंदीबरोबर त्या ऑर्थोडॉक्स रशियाच्या बखरीत उतरवल्या गेल्या. प्रती करणाऱ्यांना ते परके शब्द समजत नव्हते, हे त्यांनी केलेल्या अक्षरांच्या गोंधळावरून उघड आहे. समजले असते तर शेवटचे पान बखरीत राहिले असते का, ही शंका घ्यायला जागा आहे.